इतिहासाचा विद्यार्थी आणि त्याचा गाव

तालुक्याच्या महाविद्यालयात पदवीसाठी इतिहास घेणाऱ्या मुलाला घरची माणसे, शेजारी आणि कदंब बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थही एकच प्रश्न विचारतात : पुढे याचा उपयोग काय? प्रश्न अगदीच खोटा नाही. मोपा येथील विमानतळाचे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याच्याही आधीपासून आमच्या तुयेत औद्योगिक वसाहत आहे. अशा भागातल्या पालकाने मुलाच्या शिक्षणाकडे पोटापाण्याच्या अंगाने पाहावे, यात गैर काही नाही. तथापि या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो मात्र कोणी विचारीत नाही. ज्या गावात आपण जन्मलो, ज्या देवळाच्या पालखीला खांदा दिला, ज्यांच्या घरी चतुर्थीला आरतीला गेलो, त्याच गावाचा भूतकाळ तपासण्याचा अधिकार या मुलाला आहे काय? असल्यास, तपासताना गावाला न आवडणारे काही हाती लागले तर त्याचे कर्तव्य कोणते? मला हा प्रश्न उपयोगाच्या प्रश्नाहून अधिक गंभीर वाटतो. त्याचे उत्तर ज्याला शोधावेसे वाटत नाही, त्याने इतिहास घेतला काय आणि अन्य काही घेतले काय, सारखेच.

हा प्रश्न मोठ्या शहरातल्या विद्यापीठात इतक्या तीव्रतेने उभा राहत नाही. मुंबईत बसून औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला औरंगजेबाचे नातलग रोज बाजारात भेटत नाहीत. पेडण्यातल्या विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याच्या इतिहासातील माणसांची आडनावे त्याच्या वर्गाच्या हजेरीपटावर असतात.

गोव्यात हे भाग्य, किंवा हे संकट, तसे अलीकडचे आहे. १९६१ पूर्वी येथे कला शाखेचे महाविद्यालयच नव्हते. १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले, १८५४ साली लिसेव निघाले. पण ज्याला इतिहास, तत्त्वज्ञान वा साहित्य या विषयांत पदवी घ्यायची त्याला बेळगाव, धारवाड, पुणे नाही तर मुंबई गाठावी लागे. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर केंद्र काढले आणि १९८५ साली गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आमच्या पिढीतील तुयेच्या मुलाला महाविद्यालयासाठी नदी ओलांडून बार्देशात, म्हापशाला जावे लागे. पुढे साखळीला आणि पेडण्यात विर्नोड्याला सरकारी महाविद्यालये आली, आणि गावातल्या गावात राहून, सकाळी गुरे सोडून, दुपारी घरी जेवायला येऊन पदवी घेणे शक्य झाले.

विर्नोड्याच्या महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. बांद्याचे सोहिरोबा हे संत होण्यापूर्वी कुलकर्णी होते, म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारे. पस्तिशीच्या सुमारास त्यांनी ते दप्तर कायमचे खाली ठेवले. माझ्यासारख्या, आयुष्यभर सरकारी दप्तर वाहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्या माणसाला या गोष्टीचा थोडा हेवा वाटतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपल्या महाविद्यालयाच्या नावातच एक कुलकर्णी भेटावा, हा योग चांगला आहे. कारण त्याच्या विषयाचा निम्मा कच्चा माल कुलकर्ण्यांनीच लिहून ठेवलेला आहे.

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अशा पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाची सुरुवात झाली. तेथे प्रवेशाला फारशी अट नसते, शुल्क कमी असते, आणि रात्रपाळी करून आलेला कामगार व शाळा नुकतीच सोडलेली मुलगी एकाच बाकावर बसून रोमन साम्राज्याचा ऱ्हास शिकतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली याच नावाची योजना आणली, परंतु तिचा रोख कौशल्य-अभ्यासक्रमांवर होता. नाव तेच राहिले, आशय मात्र रोजगारापुरता झाला. खऱ्या अर्थाने समाजाचे महाविद्यालय म्हणावे असे आपल्याकडे काही असेल, तर ते तालुक्याचे हे साधे कला-वाणिज्य महाविद्यालय होय. त्यात इतिहास पुष्कळदा दुसरे काही न मिळाल्यामुळे घेतला जातो, हे मला माहीत आहे. तरीही रापणकाराचा मुलगा, मुंडकाराची मुलगी आणि भाटकाराचा नातू एकाच वर्गात बसून कूळ कायद्याचा धडा वाचतात, हे दृश्य अन्यत्र कोठे दिसणार? त्या वर्गात तो धडा कसा शिकवायचा, येथून नैतिक प्रश्नाला प्रारंभ होतो.

प्रथम उसन्या संतापाविषयी बोलू. पेडण्यातील कोणत्याही वर्गात पोर्तुगीज राजवटीचा विषय निघाला, की देवळांचा विध्वंस आणि इन्क्विझिशन या दोन गोष्टी मुलांच्या ओठांवर असतात. या गोष्टी घडल्या. त्यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १५६० साली गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशन, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत टिकले, आणि अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु ते घडले मुख्यतः तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत. पेडणे पोर्तुगिजांच्या हाती गेले १७८८ साली. तोवर ते सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. डिचोली, सत्तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच गेली. एव्हाना पोर्तुगिजांचा धर्मोत्साह ओसरला होता. या नव्या काबिजादीतील लोकांचा धर्म आणि रूढी यांना हात लावणार नाही, असे त्यांनी मान्य केले. १८२४ साली या लोकांच्या रीतिरिवाजांची संहिता झाली आणि १८५३ साली ती सुधारण्यात आली. म्हणजे पेडण्याचा विद्यार्थी ‘आमची देवळे फोडली’ असे म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच्या आजोबांचे दुःख आपल्या आजोबांच्या नावावर लिहीत असतो.

यावर कोणी म्हणेल, गोमंतकीय म्हणून ते दुःख आमचेही आहेच. मान्य. परंतु सहानुभूती वेगळी आणि साक्ष वेगळी. साक्षीदाराने न पाहिलेले सांगितले की खरोखर पाहिलेल्याच्या साक्षीचेही मोल उतरते. यात दुसरी हानी अशी, की उसन्या दुःखाने मन भरले की स्वतःच्या दुःखाकडे लक्ष जात नाही. नव्या काबिजादीचे स्वतःचे दुःख निराळे होते. देऊळ शाबूत होते, शाळा नव्हती. जमीन होती, ती कसणाऱ्याची नव्हती. सत्तरीत राण्यांची बंडे झाली, १८५२ चे दीपाजी राण्यांचे त्यांतले प्रसिद्ध. ती कशासाठी झाली, त्यांत वतनाचा भाग किती आणि रयतेच्या गाऱ्हाण्याचा किती, हे वेगळे करून पाहण्याचे काम नव्या काबिजादीतल्या विद्यार्थ्यावाचून कोण करणार? शिवाय १७८८ पूर्वीची भोसल्यांची राजवट आपली म्हणून आपण तिला प्रश्नच विचारीत नाही. त्या राजवटीत वेठ नव्हती काय? सारा वसूल करायला येणाऱ्या शिपायाचा घोडा शेतकऱ्याला स्वकीय वाटत असे काय? ‘आपला’ आणि ‘परका’ हे शब्द राजाच्या दृष्टीने ठरवायचे की कुळाच्या, हे ठरविल्याशिवाय या इतिहासाचे पहिले पानही लिहिता येणार नाही.

आता याच्या उलट बाजूचा प्रश्न. साखळीच्या महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर हरवळ्याची लेणी आहेत. जांभ्या दगडात कोरलेली ही लेणी सहाव्या-सातव्या शतकातील मानली जातात. त्यांत शिवलिंगे आहेत. काही अभ्यासकांना ती मूळची बौद्ध असावीत असे वाटते. गाव मात्र त्यांना पांडवांची लेणी म्हणतो. पाच पांडव वनवासात येथे राहिले, पाच दालने त्यांची. विद्यार्थ्याची आजीही हेच सांगते. वर्गात शिकलेले घेऊन तो घरी गेला आणि आजीला म्हणाला की पांडव येथे कधी आलेच नाहीत, तर तो सत्य बोलला की उद्धटपणा केला?

मला वाटते, दोन्ही. आणि यात त्याचा दोष कमी, आपल्या शिकवण्याचा अधिक. ‘पांडव आले नाहीत’ एवढेच कळणे म्हणजे इतिहास कळणे नव्हे. भारतभर जेथे जेथे कोरीव लेणे आढळते, तेथे तेथे लोक ते पांडवांच्या नावावर का जमा करतात, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. लेणे कोणी कोरले ते गाव विसरला, ते विसरणे केव्हा घडले? मधल्या काळात तेथे कोण राहिले, पूजा कोणी चालू ठेवली? आजीची कथा या प्रश्नांचा पुरावा आहे. ती खोडून टाकली तर पुरावाच नाहीसा होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे आपल्याच मातीतले. त्यांनी लोकांच्या चालीरीती, देवांची स्थाने, जुन्या वाटा यांना ताम्रपटाच्या बरोबरीने साधन मानले आणि पायी हिंडून ती गोळा केली. तालुक्याच्या विद्यार्थ्याजवळ ग्रंथालय तोकडे असते, पण वाटा आणि आज्या भरपूर असतात. आजीचे म्हणणे तिच्या शब्दांत लिहून घ्यावे, खाली तारीख घालावी, आणि लेण्याच्या काळाविषयी आपल्याला काय वाटते ते वेगळ्या पानावर लिहावे. आजीने विचारले तर खरे तेच सांगावे. न विचारता तिच्या श्रद्धेवर व्याख्यान देण्याची त्याला कोणी जबाबदारी दिलेली नाही.

देवळाच्या मानाचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटणारा नाही. आमच्याकडे गावाचा बराचसा इतिहास मानापानाचा असतो. पालखीला पहिला खांदा कोणाचा, कौल कोणी घ्यायचा, प्रसादाचा पहिला नारळ कोणाच्या हाती पडायचा. पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली माझानींचे कायदे केले, त्यामुळे महाजन कोण हे कागदावर आले. कागदावर आले म्हणजे ते भांडणात आले. सरकारी सेवेत असताना माझ्या पाहण्यात आले, की जुना दस्तऐवज मागायला येणाऱ्या दहांतील नऊ जणांना तो जाणण्यासाठी नको असतो, जिंकण्यासाठी हवा असतो. दहावा बहुधा विद्यार्थी असतो, आणि त्याच्या प्रकल्पाची एक प्रत उरलेले नऊ जण मागून नेतात.

कल्पना करा, एका मुलीने आपल्या गावच्या देवस्थानावर प्रकल्प घेतला. मोडी वाचणारा कोणी जाणकार तिला भेटला. एका कागदावरून असे दिसले, की आज जो मान एका घराण्याकडे आहे तो कधीकाळी दुसऱ्याकडे होता. ते दुसरे घराणे आज गावात गरीब आहे, किंवा गाव सोडून गेले आहे. हे तिने लिहावे काय? लिहिले तर उत्सव बंद पडेल, दावे दाखल होतील, तिच्या वडिलांना कोणी लग्नाला बोलावणार नाही. न लिहिले तर तिने काय शिकले?

गावचा सलोखा ही लहान गोष्ट नाही. तिची थट्टा करणाऱ्यांना गावात राहावे लागलेले नसते. तरीही माझे मत असे, की तिने लिहावे. मात्र कागद जेवढे सांगतो तेवढेच लिहावे. अमुक शकातील अमुक मित्तीच्या कागदात अमक्याच्या नावे हा मान लिहिलेला आहे, एवढेच. तो मान न्यायाने गेला की अन्यायाने, विकला, गहाण पडला, की वंश खुंटला म्हणून दुसऱ्याकडे आला, हे कागद सांगत नसेल तर तिनेही सांगू नये. आणि आज तो कोणाचा असावा हे तर मुळीच सांगू नये. इतिहास हा निवाडा नव्हे. निवाडा देणाऱ्याला दोन पक्षांतून एक निवडावाच लागतो; अभ्यासकाला ती सक्ती नसते, हे त्याचे मोठेच स्वातंत्र्य आहे. ते त्याने होऊन गमावू नये.

पण मला त्या मुलीकडून आणखी एक अपेक्षा आहे, आणि ती अधिक अवघड आहे. त्या मोडी कागदात दोन घराण्यांची नावे आहेत. देवळासमोरची तळी ज्यांनी खोदली, ढोल ज्यांनी वाजवला, ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता, त्यांची नावे त्यात नाहीत, आणि पहिल्या घराण्याच्या वा दुसऱ्याच्या कोणत्याच कागदात ती सापडणार नाहीत. मान कोणाचा या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीवर न बोलता एकमत असतात, की बाकीच्यांचा तो नाहीच. सलोख्यासाठी गप्प राहावे असे सांगणाऱ्यांना माझे विचारणे आहे : हा सलोखा कोणाकोणात आहे?

कागदात नाव नसणे म्हणजे काय, हे गोव्यातील खेडूताला समजावून सांगावे लागत नाही. जमीन महसूल कायदा १९६८ चा. त्यानंतर सत्तरच्या दशकात मोजणी होऊन एक-चौदाचे उतारे तयार झाले. त्यात कब्जेदाराचा रकाना, कुळाचा रकाना, इतर हक्कांचा रकाना. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ साली पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्याला मालकी मिळण्याची वाट खुली झाली. १९७५ साली मुंडकार कायदा आला होताच. एकाएकी त्या रकान्यातील एका ओळीवर पिढ्यांचे भवितव्य टांगले गेले. ज्याचे नाव लागले त्याचे लागले. मोजणीच्या दिवशी जो दुसऱ्या गावी कामाला गेला होता, ज्याने भीडेखातर तोंड उघडले नाही, जी विधवा होती, त्यांचे शेत तेच राहिले, घाम तोच राहिला, पण रकाना रिकामा. आणखी दोनशे वर्षांनी कोणी अभ्यासक हा उतारा साधन म्हणून वापरील आणि लिहील की या शेताला कूळ नव्हते. तो खोटे बोलणार नाही. त्याच्यापुढचा कागद तसेच सांगत असेल. म्हणून विद्यार्थ्याला कागद वाचायला शिकवताना, तो कोणापुढे, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कामासाठी लिहिला गेला, हे आधी शिकवायला हवे. सनावळ्या नंतर.

येथे पांडुरंग पिसुर्लेकरांची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८९४ साली जन्मलेले आणि १९६९ साली निवर्तलेले पिसुर्लेकर सत्तरीचे, म्हणजे नव्या काबिजादीचेच. पोर्तुगीज दफ्तरखान्याचे ते वर्षानुवर्षे प्रमुख होते. १५९५ साली सुरू झालेल्या त्या दफ्तरखान्यातून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने बाहेर काढली, राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तांत पाच खंडांत छापले, आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीला दिला. शिवाजी-संभाजींच्या काळाविषयी पोर्तुगिजांच्या बाजूचे जे काही आज महाराष्ट्राला माहीत आहे, त्याचा मोठा हिस्सा या एका माणसाच्या बैठकीतून आलेला आहे.

पण याच काळात दफ्तरखान्याबाहेर काय चालले होते? १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातून आलेला तरुण कर्नेलसिंग बेनिपाल तेथे पडला. आग्वादचा तुरुंग भरलेला होता. आणि त्याच सरकारच्या पगारावर एक विद्वान सतराव्या शतकातील कागद लावीत बसला होता. आजचा तरुण विचारील, हे योग्य होते काय?

विचारण्याचा त्याला हक्क आहे. मी स्वतः सरकारी नोकर होतो. म्हणून माझे उत्तर पक्षपाती असण्याचा संभव आहे, हे ध्यानात घेऊन वाचावे. मला वाटते, त्या खुर्चीवर तेव्हा ते नसते तर ती साधने कोणत्याही देशभक्ताच्या उपयोगी पडली नसती. राज्ये बदलतात, कागदाला वाळवी एकदाच लागते. तरीही या उत्तराने तो प्रश्न संपत नाही. कागद वाचवणारा आणि गोळी झेलणारा यांना एकाच तराजूत घालण्याचा मोह मात्र आवरावा. पत्रादेवीला जे पडले त्यांनी इतिहास घडवला आणि दफ्तरात जो बसला त्याने लिहिला, अशी सोयीची वाटणी आपण करतो. पण त्या दिवशी सीमेलगतच्या ज्या घरांनी जखमींना पाणी दिले, कोणाला अंधारात वाट दाखवली, ती घरे या वाटणीत कोठेच बसत नाहीत. त्यांच्याविषयीचा कागद नाही, असला तर पोलिसांचा असेल.

याच कारणासाठी पेडणे तालुक्यातील इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे मी एक विषय ठेवू इच्छितो. तो जोखमीचा आहे : १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून राहावा, असा तो प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पाने. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी गोवा गोवा राहिला. परंतु पेडणे, डिचोली, सत्तरी या आमच्या भागाचा कल बहुतांशी फुलाकडे होता. पुढे १९८७ साली राजभाषा कायदा झाला, त्याच वर्षी घटक राज्य झाले, आणि आज पेडण्यातील विशीतला मुलगा स्वतःला निःशंकपणे गोंयकार म्हणवतो. त्याच्या अभ्यासक्रमात जनमत कौल हा अस्मितेचा विजय म्हणून येतो. त्याच्या घरात मात्र फुलाला मत दिलेले आजोबा असतात, किंवा भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो असतो.

या मुलाने काय लिहावे? आजोबा चुकले असे? पुस्तकाला तेच हवे असते. आजोबा बरोबर होते आणि गोवा चुकला असे? घरातल्या काही जणांना ते हवे असते. माझ्या मते दोन्ही वाक्ये अकाली आहेत. आजोबांना १९८७ माहीत नव्हते. त्यांना माहीत होते ते एवढेच, की भाऊसाहेब बांदोडकरांनी गावात शाळा काढली, ती मराठी होती, आणि पोथीची भाषाही मराठीच. ज्या भाटकाराच्या दारात पायताण काढून उभे राहावे लागे तो बहुधा दोन पानांच्या बाजूला आहे, अशीही अनेकांची समजूत होती. ती कितपत खरी होती, हेच तपासायचे आहे. कूळ कायदा अमलात येईल की नाही या भीतीचे मत आणि महाराष्ट्राच्या प्रेमाचे मत एकाच पेटीत पडले, आणि मोजणाऱ्यांनी दोहोंना फूल म्हणून मोजले. उलट बाजूच्या १,७२,१९१ मतांतही असेच नाना हेतू असणार. आकडे पक्के आहेत. हेतू आकड्यांत नाहीत.

ज्याला आपल्या घराविषयी लिहायचे आहे त्याने न्यायाधीश होऊ नये आणि वकीलही होऊ नये, हे म्हणणे सोपे. प्रत्यक्षात आजोबांवरील माया लेखणी हलवतेच. मला त्यात फारसे वावगे वाटत नाही, जोवर तीच माया दोन पानांना मत देणाऱ्या शेजारच्या वाड्यावरील आजोबांनाही मिळते. तेथेही जाऊन बसावे, त्यांच्याकडचा चहा घ्यावा, आणि घरच्या आजोबांना जे विचारले तेच त्यांना विचारावे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. १९६७ साली मतदानाचे वय २१ होते. त्या दिवशी मत दिलेला सर्वांत तरुण माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. तुये, मांद्रे, पार्से, हरमल, कोरगाव, प्रत्येक गावात अशी मोजकी माणसे उरली असतील. त्यांची स्मरणशक्ती सकाळी बरी असते. कौल कोणाला दिला हे आधी विचारू नये. नंतरच्या साठ वर्षांनी त्या उत्तरावर पुष्कळ रंग चढवलेले असतात. तेव्हा घरात वर्तमानपत्र येत होते काय, आले तर कोण वाचून दाखवी; सभेला पायी गेलात की ट्रकमधून, ट्रक कोणाचा होता; भाताची वाटणी कशी होत असे आणि माप कोणाच्या घरी ठेवलेले असे; घरातील बायकांनी मत दिले काय आणि त्यांना कोणी काही सांगितले होते काय, हे विचारावे. मे महिन्याच्या सुट्टीत, पाऊस लागण्यापूर्वी, दोन विद्यार्थ्यांना एका गावातील अशी घरे फिरून होतील.